अंडरराइटला तुर्कीत काय म्हणतात?

अल मनखूल, बर दुबई
३ नोव्हेंबर १९९८

प्रकाशदादा,

अंडरराइट म्हणजे नक्की काय रे? मला सांगता येत नाही. आणि येत नाही हे या घरात कबूलही करता येत नाही. मी बी.ए. झाल्यापासून बाबा औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा माझ्याकडून वाचून घेतात आणि शेजाऱ्यांना सांगतात, "घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे, तिला विचारा." म्हणून तुला विचारते. तू पुण्याला शेअरच्या ऑफिसात आहेस, हा शब्द तुझ्या टेबलावरून रोज जात असेल.

माझं काम तुला नीट सांगितलंच नव्हतं. याकूब साहेबांच्या ट्रान्सलेशन ऑफिसात मी इंग्रजी बघते आणि कुबरा तुर्की बघते. ती तुर्कस्तानातली, पण भोपाळच्या हनीफभाईंशी लग्न झाल्यामुळे हिंदी फर्डं बोलते. इंग्रजी तिला जेमतेम. म्हणून मी इंग्रजी वाक्य वाचते, तिला हिंदीत समजावते, ती तुर्कीत लिहिते. पानावर दोन रकाने असतात, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे तुर्की, ओळीसमोर ओळ. एका क्रियापदासमोर एकच क्रियापद. आमचं ऑफिस त्यासाठीच नावाजलेलं आहे. शनिवारी शिक्केवाले साहेब येतात, दोन्ही रकाने एकाच ओळीवर संपतात ना तेवढं बघतात आणि शिक्का मारतात. त्यांना तुर्की येत नाही.

आता एक करार आलाय. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गोदाम असलेले एक शेठ मार्चमधल्या फेस्टिव्हलला तुर्की मालाचं दालन लावणार आहेत. गालिचे, दिवे, मिठाई आणि लेस. लेसवाल्या बायका कुबराच्या गावच्या आहेत, त्यांची एक संस्था आहे. रुमालाच्या काठावर सुईनं अशी फुलं करतात की कुबरानं दिलेला एक रुमाल आई धुवायलाच तयार नाही. करारात लिहिलंय की भाग घेणारे सगळे दालनाची तूट अंडरराइट करतील.

कुबरा पेन उघडून बसली. "बोलो अपर्णा, क्या करेंगी?"

मी म्हटलं, "सपोर्ट जैसा कुछ."

"जैसा कुछ तुर्की में नहीं चलता," ती म्हणाली आणि पेन बंद केलं.

डिक्शनरीत विमा उतरवणे, पाठिंबा देणे, खाली सही करणे असं सगळंच दिलंय. म्हणजे काहीच नाही दिलेलं. लवकर लिही. फोन करणार होते, पण तीन मिनिटांना पंधरा दिरहम, म्हणजे आपले पावणेदोनशे, आणि तू तीन मिनिटं तर आधी हसण्यातच घालवशील.

अपर्णा


पुणे
१४ नोव्हेंबर १९९८

अपर्णाबाई बी.ए.,

हसलो. तीन नाही, पाच मिनिटं. बारावी पास माणसाला इंग्रजी विचारायला दुबईहून पत्र येतं, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या भावानं, उल्हासनं, लेकीवर एवढा खर्च केला तो कशाला मग?"

आता ऐक. एखादी कंपनी शेअर विकायला काढते. लोकांनी सगळे घेतले तर छान. नाही घेतले तर? म्हणून एक माणूस आधीच लिहून देतो, की उरले तेवढे मी घेईन. पंगत बसायच्या आधी "उरलेला सगळा भात माझ्या घरी पाठवा, पैसे माझे" असं म्हणणाऱ्यासारखा. पानं भरपूर उठली तर त्याला काही करावं लागत नाही, वर कमिशन मिळतं. नाही उठली तर महिनाभर घरात भात. याला अंडरराइट करणं म्हणतात. तोटा होण्याच्या आधी तो आपल्या अंगावर घेणं.

इथल्या एका दलालानं तेजीच्या दिवसांत चार-पाच कंपन्यांचं असं लिहून दिलं. तेव्हा लोक रांगा लावून अर्ज भरत होते. मग रांगा आटल्या. आता त्या दलालाकडे कपाट भरून शेअर आहेत आणि त्यांचा कागद रद्दीवालासुद्धा घेत नाही, म्हणतो फार गुळगुळीत आहे.

पण कमिशन मिळतं म्हणून माणूस अशी सही करतो, एवढं लक्षात ठेव. तुझ्या त्या लेसवाल्यांना काय मिळणार आहे? चांगलंच काही असेल.

परीक्षा-बिरीक्षा आहे का काही? पगार वाढणार असेल तर लपवू नकोस. आमच्या ऑफिसात सध्या निवांत आहे, त्यामुळे असले प्रश्न खुशाल विचार. आणि याकूब साहेबांशी गोड बोलून राहा. तुझ्या पत्रावरून माणूस भला वाटतो.

प्रकाश


अल मनखूल
२५ नोव्हेंबर १९९८

प्रकाशदादा,

त्यांना काहीही मिळणार नाही. तुझं पत्र आल्यावर मी करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. कमिशन नाही, सूट नाही. दालनाचं भाडं, विजेचं बिल, सजावट, हे सगळं विक्रीतून निघालं नाही तर जे कमी पडेल ते सह्या करणाऱ्यांनी सारखं वाटून भरायचं. गालिचेवाल्याचा एक गालिचा विकला गेला की त्याचं भागेल. बायकांनी वर्षभर फुलं विणायची, ती सगळी विकायची, आणि तरी मिठाई खपली नाही म्हणून पैसे भरायचे. हे सगळं त्या एका क्रियापदात आहे.

मी कुबराला तुझा भात सांगितला. तिला पटकन समजलं. तिनं तिच्या जाड्या डिक्शनरीतून शब्द काढला. तेकेफ्फुल एत्मेक. जुना, कोर्टातला शब्द आहे. दुसऱ्याच्या देण्याची हमी अंगावर घेणे. अगदी बरोबर बसतो. रकान्यात मावतो. मी खूश झाले, चहा सांगितला.

मग कुबराच म्हणाली, "लफ़्ज़ सही है. लेकिन मेरी फूफी पढ़ेंगी तो क्या बोलेंगी, मालूम? बोलेंगी, अच्छा, कुछ सरकारी बात है. और चश्मा उतारके साइन."

तिची फूफी, म्हणजे आत्या, त्या संस्थेची प्रमुख आहे, दादा.

मी विचारलं, साध्या भाषेत कसं म्हणशील? ती लगेच म्हणाली, "झरार ओलुर्सा बिझ ओदेरिझ." नुकसान झालं तर आम्ही भरू. एवढं सोपं! मी ते घेऊन याकूब साहेबांकडे गेले. ते कोझिकोडचे आहेत, मला मोळे म्हणतात, म्हणजे मुली.

"मोळे, ये चार वर्ड है. उधर एक वर्ड है."

"सर, पण त्यांना समजायला हवं ना."

"समझाना उनका वकील का काम. हम ट्रान्सलेशन बेचता है, ट्यूशन नहीं."

"मग खाली एक टीप देऊ या?"

"टीप मतलब शक. कस्टमर शक का पैसा नहीं देता. जो वर्ड है, सही है?"

"सही आहे."

"खलास."

मी बाहेर येऊन टेबलावर बसले आणि मला रडू यायला लागलं, कारण त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. घरी सांगितलं तर ओवी टीव्हीवरून नजरही न काढता म्हणते, "हू रीड्स कॉन्ट्रॅक्ट्स, ताई? एव्हरीबडी जस्ट साइन्स." दहा वर्षांची आहे. तिलाही माहीत आहे.

सगळे बरोबर आहेत, आणि त्या बायका बुडणार आहेत. तूच सांग, शिकून काय उपयोग झाला मग? मी काय करू?

अपर्णा


पुणे
६ डिसेंबर १९९८

चि. अपर्णा,

काही करू नकोस.

शब्द बरोबर आहे ना? मग तुझं काम झालं. आम्ही इथे हजारो लोकांना फॉर्म विकले, त्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिलंय ते कोणी आम्हाला विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. माणसं मोठी असतात. सही करताना त्यांना विचारायचा हक्क असतो, त्यांनी तो वापरावा.

आणि ती कुबरा आहे ना? तिची सख्खी फूफी. एक फोन केला की झालं. जिचं माणूस आहे ती गप्प बसली आहे आणि तू का नाचतेस? त्यात तुझा काहीतरी गैरसमज असेल, नाही तर तिला तिची माणसं तुझ्याइतकी प्रिय नसतील.

उल्हासमामांना विचारल्याशिवाय ऑफिसात एक शब्दही बोलू नकोस. याकूब साहेबांना दुखवू नकोस. हे दोनदा लिहितोय असं समज.

आईचे गुडघे बरे आहेत.

प्रकाश


अल मनखूल
१७ डिसेंबर १९९८

प्रकाशदादा,

तुझं पत्र वाचून राग आला. राग आला म्हणून मी तुझंच ऐकलं, तेही अर्धंच. कुबरा फोन का करत नाही ते विचारायला मी शुक्रवारी तिच्या घरी शारजाला गेले. हनीफभाई घरीच होते. मी त्यांच्यासमोरच बोलले, त्यांना बरं वाटेल असं समजून. "कुबरा, फूफीला एकदा सांग ना. ही फसवणूक आहे. तू गप्प राहिलीस तर त्यात तूही आलीस."

हनीफभाई उठले आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. बाहेर आलेच नाहीत. चहाही आला नाही.

कुबरा मला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत गॅरेजांची रांग आहे, पत्रे ठोकायचा एवढा आवाज की ओरडूनच बोलावं लागतं. ती ओरडूनच बोलली.

"तुम्हारा वीज़ा किसके नाम पे है?"

"बाबांच्या."

"मेरा हनीफ के नाम पे. और हनीफ का किसके नाम पे?"

मला माहीत नव्हतं.

"उसी सेठ के. हनीफ उसका गोदाम देखता है. लेसवालियों का नाम हनीफ ने ही दिया था, मेरे कहने पे. मैंने सोचा फूफी एक बार दुबई देख लेगी." मग म्हणाली, "मैं फोन करूँ, फूफी साइन न करे, सेठ पूछे किसने बोला. तुर्की कितने लोगों को आती है उस ऑफिस में? अब बोलो बी.ए., कौन सच बोले?"

बस आली.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी वाक्य वाचते, ती लिहिते. मध्ये "समझी?" म्हटलं तरी उत्तर देत नाही. दोन-तीन दिवसांत रोजे सुरू होतील, मग ऑफिस दोनला सुटेल आणि आम्हाला एकमेकींकडे न बघता तेवढाच कमी वेळ बसावं लागेल. शिक्केवाले साहेब आजारी आहेत म्हणून करार अडकलाय, नाही तर एव्हाना गेला असता. आता नऊ जानेवारीला शिक्का, त्याच दिवशी कुरिअर.

तू लिहितोस माणसं मोठी असतात. पंगतीतल्या भाताचं ते कोडं मला एका पानात समजावणारा तूच ना? मग तू मला समजावलंस तसं त्यांना कोणी समजावलं तर बिघडतं कुठे? मामांना विचार, साहेबांना दुखवू नकोस. तू असा कधीपासून झालास? लहानपणी सांगलीला वाण्यानं वजनात मारलं म्हणून भर दुकानात भांडणारा तू. मला वाटलं होतं सगळे नको म्हणाले तरी तू हो म्हणशील. तू भित्रा झालायस, दादा.

अपर्णा


पुणे
२७ डिसेंबर १९९८

अपर्णे,

झालोय.

आमच्या ऑफिसात निवांत आहे असं लिहिलं होतं ना, ते खरंच आहे. दिवाळीपासून ऑफिस बंद आहे. तो कपाटभर शेअरवाला दलाल म्हणजे आमचेच शेठ. मी रोज डबा घेऊन बाहेर पडतो, वाचनालयात बसतो, संध्याकाळी घरी येतो. आईला माहीत नाही. तुला उत्तरं तिथूनच लिहिली. टेबल मोठं आहे आणि पंखाही चालतो.

मामांना मात्र माहीत आहे. त्यांनी याकूब साहेबांशी बोलून ठेवलंय. त्यांना टायपिंगला आणि बाहेरच्या कामांना माणूस हवाय. व्हिसाचे कागद फेब्रुवारीत व्हायचे आहेत. मामा म्हणाले तुला आत्ताच सांगू नको, तू उगाच भाव खाशील. म्हणून गोड बोल, दुखवू नकोस, दोनदा लिहितोय वगैरे.

तुला थोपवायला हे लिहीत नाही. खोटं. थोपवायलाच लिहितोय.

कुबराबद्दल मी जे लिहिलं ते चुकलं, तिला सांगू नकोस, पण चुकलं. तिची मान कुठे अडकली आहे ते मला कळायला हवं होतं, माझी तशीच अडकली आहे.

आमच्या शेठला त्या शब्दाचा अर्थ पाठ होता. तरी सही केली आणि बुडाले. तेव्हा अर्थ कळला की माणूस वाचतो असं काही नाही, हेही लक्षात घे. पण परवा ते भेटले, तर स्वतःहून म्हणाले, "प्रकाश, मी डोळे उघडे ठेवून उडी मारली, त्यामुळे रात्री झोप तरी लागते." हे का लिहितोय मलाच कळत नाही. माझ्या फायद्याचं तर नक्कीच नाही.

मामांचं ऐक. किंवा नको ऐकू. मला नंतर कळव.

प्रकाश


अल मनखूल
१० जानेवारी १९९९

प्रकाशदादा,

तुझं पत्र वाचून मी आधी बाबांकडे गेले. त्यांच्यापासून लपवून काही करायचं नव्हतं. ते गॅरेजमधून आल्यावर हात धूत होते. मी सगळं सांगितलं, तुझंही. ते साबण लावत राहिले. फेस काळा होऊन गेला तरी लावत राहिले.

"प्रकाशला काय सांगू मी?" ते म्हणाले.

"मी लिहीन."

"आणि तुला काढलं तर?"

"माझा व्हिसा तुमच्या नावावर आहे, बाबा."

हे बोलताना मला पहिल्यांदाच नीट कळलं. कुबरा हनीफभाईंच्या व्हिसावर, हनीफभाई त्या शेठच्या, आणि तू याकूब साहेबांच्या व्हिसावर येणार. त्या ऑफिसात मी एकटीच अशी आहे की तोंड उघडलं तर मला कोणी देशाबाहेर काढू शकत नाही. आणि मी महिनाभर दुसऱ्यांनी बोलावं म्हणून भांडत होते! कुबराला काय म्हणाले मी, तूही त्यात आलीस? तुला भित्रा म्हणाले. आठवलं की कान गरम होतात.

बाबा शेवटी म्हणाले, "जेवायला घरी आहे. ओवीची फी भरलेली आहे. पुढचं मला विचारू नकोस." मला हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

संस्थेचा फॅक्स नंबर करारावरच आहे. पत्र लिहायचं ते कुबराकडून एक अक्षरही न विचारता, कारण उद्या कोणी तिला धरायला नको. दोन वर्षं तिच्या शेजारी बसून जेवढं तुर्की कानावर पडलं तेवढ्यात लिहिलं. तिचं ते सुबक वाक्य मला पाठ होतं, पण ते मुद्दाम टाळलं. मी लिहिलं ते मराठीत साधारण असं होईल: "मी अपर्णा, हिंदुस्थानी, दुबई. कागदात मोठा शब्द आहे. अर्थ: सगळं दुकान पैसे कमी, तुम्ही पैसे देणे. मिठाई नाही विकणे, तुम्ही देणे. गालिचा नाही विकणे, तुम्ही देणे. सही करणे, नाही करणे, तुमची मर्जी. आधी वकील विचारणे." खाली माझं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता. ऑफिसचा नाही. गुरुवारी दुपारी आमच्या खालच्या टायपिंगच्या दुकानातून फॅक्स केला.

काल शनिवारी सकाळी, शिक्केवाले साहेब यायच्या आधी, मी त्या कागदाची प्रत आणि राजीनामा याकूब साहेबांसमोर ठेवला. सगळं तोंडानंही सांगितलं. ते रोज्यात होते, चिडले तरी आवाज चढवला नाही. त्यांनी कुबराला हाक मारली.

"ये देखो. तुमने लिखवाया?"

कुबरानं कागद घेतला. वाचताना तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं आता ही मला कधीच माफ करणार नाही.

"साहब, ये तुर्की नहीं है," ती म्हणाली. "ये तुर्की का एक्सिडेंट है. मैं ऐसा लिखूँ तो मेरी माँ क़ब्र से उठके मारेगी."

"लेकिन मतलब समझ में आता है?"

"बच्चे को भी आएगा," ती म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवून तिच्या जागेवर गेली. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पण माझ्या खुर्चीवर ठेवलेली माझी पर्स उचलून टेबलावर ठेवली, पडेल म्हणून.

याकूब साहेबांनी राजीनामा पुन्हा एकदा वाचला. मग तो माझ्याकडे परत सरकवला. "मोळे, सुनो. बाप का इज्जत है मेरे पास. तुम एक दूसरा फॅक्स भेजो. लिखो, गलती हो गया, कागद ठीक है. मैं भूल जाएगा. तुम्हारा भाई भी फेब्रुवारी में आ जाएगा. इन्शाल्ला सब आराम से."

तुझं नाव त्यांनी स्वतःहून काढलं, दादा. मी काढलं नव्हतं. एक क्षण मला तो वाचनालयातला पंखा दिसला, तुझा डबा दिसला. हे तुला सांगायलाच हवं, मला ते अगदी सोपं गेलं असं तुला वाटायला नको.

मी म्हटलं, "साहेब, दुसरा फॅक्स पाठवूनच आलेय. गुरुवारचा नीट गेला की नाही ते मशीनवर कळत नव्हतं, म्हणून सकाळी येताना तोच कागद पुन्हा पाठवला."

मग त्यांनी राजीनामा उचलून खणात ठेवला.

अपर्णा